टेबलाचा खालचा खण

किर्केनेसला नोव्हेंबरअखेर दुपारी दीडलाच रात्र पडते.
आठवीचा वर्ग. हीटरवर वाळत घातलेले हातमोजे,
त्यांचा ओल्या मेंढीसारखा वास,
आणि फळ्यावर माझ्या अक्षरात: कलम सतरा.
कोणाचीही मालमत्ता मनमानीने हिरावून घेतली जाणार नाही.

‘मनमानी म्हणजे?’ आस्लाकने विचारलं.
म्हटलं, कारण न सांगता, ऐकून न घेता,
केवळ हातात बळ आहे म्हणून.
उदाहरणं दिली. जमिनी, होड्या, रेनडिअरचे कळप.
पुस्तकात असतात तशी,
ज्यांत आपण कधीच नसतो.

सेमहारने हात वर केला नाही, ती कधीच करत नाही.
‘तोरबियोर्ग,’ ती म्हणाली,
(नवी होती तेव्हा ‘टीचर’ म्हणून उभी राहायची,
नावाने हाक मारायचं मीच तिला शिकवलं)
‘तोरबियोर्ग, आणि तुमचा खालचा खण?’

वर्ग हसला.
मीही हसले, पण जरा उशिरा.

किल्ली अडकली. खण नेहमी अडकतोच, लाथ मारावी लागते.
आत एक शिट्टी, मुदत संपलेली च्युइंगगम,
रागन्हिल्डची जांभळी लिपस्टिक,
चिकटपट्टीचा एक गोळा, का जप्त केला मलाच आठवेना.
आणि घडी घातलेली चिठ्ठी, जी मी गेल्या वर्षी
सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली होती.
‘कलम बारा,’ मागून कुणीतरी पुटपुटलं.
पुढचं-मागचं सगळं वाचून आले होते लेकाचे.

मग रीतसर खटला. मी डगमगत्या खुर्चीत.
एकोणीस वर्षं नोकरी केली, पण बाजू मांडायला
दोनच वाक्यं सापडली,
त्यातलं एक होतं, ‘तेव्हा मी दमले होते.’
निकाल: वस्तू परत. यापुढे वही ठेवायची,
नाव, तारीख, कारण, परत केल्याची तारीख, मुलाची सही.
मी मान्य केलं. बरंही वाटत होतं,
धडा छान रंगला, असं मनात म्हणतही होते.

तळाशी एक हेडटॉर्च उरला.
इलॅस्टिक उसवलेलं, आतून पेनाने नाव लिहिलेलं.
कुणी पुढे येईना.

आदलानचा.
गेल्या वर्षी याच दिवसांत तो छतावर उजेडाचे मासे पोहवत होता,
मी अपूर्णांक शिकवत होते.
‘शुक्रवारी मिळेल,’ म्हणाले होते.
शुक्रवारी विसरले.
त्यानंतरच्या मंगळवारी पहाटे पाचला
गाडी आली, चौघांना घेऊन विमानतळाकडे गेली,
आणि त्याच्या खुंटीवर नुसती पिशवी राहिली, बुटांची.

‘त्या दिवशी तो घरी कसा गेला?’ आस्लाक म्हणाला.
तो धक्क्यापलीकडे राहायचा.
त्या रस्त्याच्या शेवटच्या टप्प्यात दिवे नाहीत,
हे मुलांना ठाऊक होतं. मलाही होतं.

‘त्याचं ऐकून घेतलं होतं का? त्यांनी?’
मी सांगू लागले, वकील होता, अपील होतं,
कायद्याने जे जे असतं ते
‘त्याचं,’ सेमहार म्हणाली. ‘आदलानचं.’

कुणीतरी बटण दाबून पाहिलं. पेटला.
पिवळट, थकलेला, पण पेटला,
आणि सगळ्यांनी वर छताकडे पाहिलं.

घंटा झाली तरी कुणी मोजे उचलले नाहीत.
रागन्हिल्डने नव्या वहीत पहिली नोंद केली,
लिपस्टिकने नाही, पेनाने.
नाव: आदलान. कारण: छतावर मासे.
परत केल्याची तारीख
हा रकाना तिने कोरा सोडला,
रेघ मारून बंद केला नाही.

पत्ता शोधायचं काम मला दिलंय.
आठ दिवसांची मुदत आहे.